‘अंगावर काटा आला’च्या पुढे काय लिहायचं? आवडत्या गाण्याबद्दल लिहिण्याची एक साधी पद्धत

गाणं शेअर करताना आपण सगळे तेच करतो. लिंक टाकायची, वर ‘निःशब्द’ लिहायचं, दोन जोडलेले हात, एक बदाम, झालं काम. खाली दहा जण येऊन ‘अप्रतिम’, ‘स्वर्गीय आवाज’, ‘अशी गाणी आता होत नाहीत’ लिहून जातात आणि त्या गाण्याने तुम्हाला नक्की काय केलं हे कुणालाच कळत नाही, खरं तर तुम्हालाही नाही. पूर्वी आकाशवाणीवर ‘आपली आवड’मध्ये फर्माईश पाठवणाऱ्यांची नुसती नावं-गावं वाचून दाखवायचे, ‘का आवडतं’ हे सांगायची सोयच नव्हती. आता सोय आहे, हवं तेवढं लिहा कोणी अडवत नाही, तरी आपण नाव-गावच लिहितोय.

तर हे थोडं बरं कसं करता येईल त्याबद्दल. संगीत शिकलेलं असायची गरज नाही, मीही शिकलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की अख्ख्या गाण्याबद्दल लिहू नका, गाण्यातल्या एका जागेबद्दल लिहा. गाणारी माणसं म्हणतात ना, ‘काय जागा घेतलीय’, तशी ऐकणाऱ्याचीही एक जागा असते. पाच मिनिटांचं गाणं तुम्हाला आवडतं असं तुम्ही म्हणता पण खरं तर त्यातले तीन-चार सेकंद तुम्हाला धरतात आणि बाकीचं गाणं त्या तीन सेकंदांपर्यंत नेणारा रस्ता असतं. ती जागा सापडली की लिहायला आपोआप सुचतं, नाही सापडली की मग ‘अप्रतिम’.

गाणं निवडताना

थोर गाणं निवडू नका, तुमचं निवडा. लोकांसमोर लिहायचं म्हटलं की आपण लगेच भीमसेनजी, किशोरीताई काढतो, आणि आठवडाभर कानात वाजत असतं ‘झिंगाट’. मग ‘झिंगाट’वर लिहा की! उलट ते जास्त अवघड आहे हे आधीच सांगते, दुःखाच्या गाण्यावर कोणीही चार ओळी लिहितो, नाचावंसं का वाटतं हे सांगताना मात्र भले भले गडबडतात. २०१६ साली ‘सैराट’ लागला तेव्हा थिएटरात पडद्यापुढे जाऊन नाचणारी माणसं होती, त्यातल्या एकाने जरी बसून लिहिलं असतं की खुर्चीतून नक्की कुठल्या ठोक्याला उठलो आणि शेजारी अनोळखी माणूस असूनही लाज का नाही वाटली, तर ते मी कुठल्याही समीक्षेच्या आधी वाचलं असतं.

एक साधी चाचणी आहे. गाणं संपल्यावर लगेच परत लावावंसं वाटतं किंवा उलट, लागलं की पटकन बंद करावंसं वाटतं, यातलं काहीतरी होत असेल तर ते तुमचं गाणं. बंद करावंसं वाटणारी गाणी तर हमखास घ्या.

ऐकताना

हेडफोन लावा, फोन उलटा ठेवा, व्हिडिओ बघू नका. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा कागद-पेन घ्या आणि जिथे काहीतरी होतं तिथे नुसती मिनिट-सेकंदाची खूण करा, का झालं ते लिहू नका. तिसऱ्यांदा ऐकाल तेव्हा बहुतेक खुणा गळून जातील आणि एक-दोनच उरतील. हे एकाच दिवशी लूपवर लावून करू नका कारण दहाव्यांदा कुठलंही गाणं भिंतीसारखं होतं, दोन-तीन दिवस मध्ये जाऊ द्या, जमलं तर वेगवेगळ्या वेळी ऐका.

आणि ‘काहीतरी होतं’ म्हणजे डोळ्यांत पाणीच यायला हवं असं नाही. हातातलं काम थांबतं, श्वास अडकतो, आपण नकळत पुढची ओळ ओठांनी म्हणायला लागतो, एखाद्या ओळीला उगाच राग येतो, हे सगळं चालेल. राग तर फार कामाचा.

शब्द हाताने उतरवून काढा

ही पायरी सगळे टाळतात आणि इथेच सगळ्यात जास्त सापडतं. ‘आठवणीतली गाणी’सारख्या साइटवर शब्द मिळतात, गीतकार-संगीतकार-गायक यांची नावंही मिळतात, पण कॉपी-पेस्ट नको, हाताने लिहा. आपण वर्षानुवर्षं जे ऐकत आलो ते आणि जे लिहिलंय ते यात बऱ्याचदा फरक निघतो. गणपतीची आरतीच घ्या, अर्धा महाराष्ट्र ‘संकटी पावावे’ऐवजी ‘संकष्टी पावावे’ म्हणतो आणि ‘फणिवरबंधना’चं ‘फळीवर वंदना’ तर घराघरात. आता यात हसण्यासारखं आहेच, पण लहानपणी ज्याने फळीवरच्या देवाला वंदना केली त्याच्यासाठी ती आरती तशीच होती, तो भाव काही खोटा नव्हता. चुकीचं ऐकलेलं असेल तर तेही लिहा, फक्त दोन्ही लिहा, मी काय ऐकत होतो आणि शब्द काय आहेत.

लिहून झालं की कडवी वाचा, गुणगुणू नका, वाचा. चाल बाजूला ठेवल्यावर काही गाणी एकदम साधी दिसतात आणि काही भलतीच भयंकर.

कोण कोणाला म्हणतंय?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून इथे जरा थांबते.

‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ घ्या. गीतरामायणातलं, शब्द गदिमांचे (ग. दि. माडगूळकर), चाल आणि आवाज बाबूजींचा (सुधीर फडके). १ एप्रिल १९५५ ला रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं आणि वर्षाहून थोडं जास्त, आठवड्याला एक अशी ५६ गाणी झाली, हे बहुतेकांना माहीत असतं. हे गाणं आपण कुठे ऐकतो? कोणी गेलं की, शोकसभेत, तेराव्याला कोणीतरी मोबाईलवर लावतं. त्यामुळे आपल्या डोक्यात ते ‘नियतीवरचं तत्त्वज्ञान’ म्हणून बसलंय आणि त्याच्यावर लिहिणारा हमखास ‘जीवनाचं सार’ वगैरे लिहितो.

आता प्रश्न विचारा, कोण कोणाला म्हणतंय? राम भरताला म्हणतोय, चित्रकूटावर. वडील गेल्याचं नुकतंच कळलंय. धाकटा भाऊ एवढ्या लांब वनात आलाय, आईने जे केलं त्याने शरमलेला आहे आणि ‘चल घरी’ म्हणून हट्ट धरून बसलाय. राम आधी म्हणतो कैकेयीचा दोष नाही, वडिलांचाही नाही. मग सागरातल्या दोन ओंडक्यांच्या भेटीची ती उपमा, जी सगळ्यांना पाठ असते आणि जी मूळ वाल्मीकींकडेही आहे. पण पुढे वाचत जा. पुढे तो म्हणतो मला परत नेण्याचा आग्रह करू नकोस, अयोध्येचा राजा तू हो. आणि शेवटच्या कडव्यात तो सांगतो की पुन्हा कोणी इकडे या वनात येऊ नका.

म्हणजे हे गाणं काय आहे? हे भावाला परत पाठवणं आहे. एवढं मोठं तत्त्वज्ञान एका ‘नाही’साठी आहे, मी येणार नाही आणि तूही पुन्हा येऊ नकोस, हे सरळ सांगितलं तर समोरचा मोडून पडेल म्हणून सगळं जग कसं पराधीन आहे ते आधी सांगायचं. मोठी भावंडं हे करतात. घरातलं कोणी गेल्यावर मोठा भाऊ बारा दिवस सगळ्यांना समजावत असतो, ‘कोणाच्या हातात असतं का हे’, आणि तो स्वतः कधी रडला हे कोणाला दिसलेलंच नसतं. माझी जागा म्हणूनच ओंडक्यांपाशी नाही, ती त्या ‘पुन्हा नका येऊ’पाशी आहे. तुमची ओंडक्यांपाशी असेल तर तेही बरोबर, फक्त मग तुमच्या आयुष्यातले ते दोन ओंडके कोण हे सांगा, ‘माणसं भेटतात आणि दुरावतात’ एवढ्यावर सुटू नका.

हाच प्रश्न भा. रा. तांब्यांच्या ‘नववधू प्रिया मी बावरतें’ला विचारला की पायाखालची जमीनच सरकते. वसंत प्रभूंची गोड चाल, लताबाईंचा आवाज, लग्नाच्या व्हिडिओंवर आजही लावतात. नवी नवरी लाजते, पुढे येते, परत फिरते. पण कित्येक जाणकार हा प्रियकर म्हणजे परमेश्वर किंवा मृत्यू आणि नवरी म्हणजे जीव असं वाचतात. हे कळल्यावर लोक दोन प्रकारे लिहितात. एक, ‘तुम्हाला माहीत आहे का, हे लग्नाचं गाणं नाहीच!’ असा गौप्यस्फोट. दुसरा प्रकार म्हणजे गप्प बसणं. मला दोन्ही पटत नाही. ज्या बाईने सासरी जाताना हे ऐकलं आणि तिला तिचीच भीती त्यात ऐकू आली तिचं ऐकणं खोटं कसं ठरेल? माहेर सोडताना वाटणारी भीती आणि देह सोडताना वाटणारी भीती कवीने एकाच पावलांनी दाखवली, पुढे येणारी नि मागे फिरणारी, म्हणून तर ते गाणं दोन्हीकडे लागू पडतं. लिहिताना दोन्ही अर्थ ठेवा आणि तुम्ही आज कुठल्या बाजूला उभे आहात ते सांगा. विशीत आणि साठीत उत्तर वेगळं येणार.

आणि एक, लिहिणारं कोण हेही कधीकधी जागा बदलून टाकतं. ‘अवघा रंग एक झाला’ किशोरीताईंच्या आवाजात ऐकताना आपण त्या स्वरांतच असतो. अभंग सोयराबाईंचा, चोखोबांच्या बायकोचा. ज्यांना देवळात पाऊल टाकायची मुभा नव्हती त्या घरातली बाई म्हणते की मी-तूपण गेलं, आणि शेवटी स्वतःची ओळख ‘चोखियाची महारी’ अशी जातीसकट देते. रंग एक झाला म्हणणारीला शेवटी आपली जात सांगावी लागते किंवा ती मुद्दाम सांगते, यातलं काय खरं मानायचं ते तुम्ही ठरवा. देव न मानणाऱ्यालाही हा अभंग आत कुठेतरी लागतो तो का, यावर लिहायचं असेल तर मी इथून सुरुवात करेन.

सिनेमातलं गाणं असेल तर प्रसंग एकदा बघून घ्या. ‘जीव रंगला’ नुसतं ऐकलं तर हरिहरन-श्रेया घोषालचं सुंदर प्रेमगीत आहे, ‘जोगवा’ (२००९) बघितल्यावर कळतं की ती दोघं मनाविरुद्ध देवीला सोडलेली आहेत आणि त्यांना प्रेम करायची परवानगीच नाही. नंतर ते गाणं पहिल्यासारखं ऐकू येत नाही. पण प्रसंग सांगण्यातच अर्धं पान घालवू नका, दोन वाक्यं पुरे.

चाल काय करते ते बघा

राग ओळखता आला तर छान, नाही आला तरी अडत नाही. इतकंच बघा की चाल शब्दांच्या बाजूने आहे की विरुद्ध.

‘या चिमण्यांनो परत फिरा रे’चे शब्द वाचले तर आई पोरांना घरी बोलावतेय, ‘जाहल्या तिन्हीसांजा जाहल्या’, बस. गदिमांनी शब्द किती साधे ठेवलेत बघा, कोणाचीही आई म्हणेल असे. पण श्रीनिवास खळ्यांनी चाल बांधली ती पूरिया धनाश्रीत, म्हणजे सूर्य मावळतानाचा राग, आणि त्यातले ते कोमल रिषभ-धैवत नि तीव्र मध्यम असे आहेत की नाव माहीत नसलं तरी काहीतरी निसटतंय असं वाटत राहतं. शब्द म्हणतायत ‘या’ आणि सूर म्हणतायत की येतील की नाही कुणास ठाऊक. ‘जिव्हाळा’ १९६८ चा, तेव्हाची किती पोरं आता कुठे कुठे गेली असतील, पण ते गाणं संध्याकाळी लागलं की आजही घरातलं बोलणं थांबतं.

यावर लिहिण्याचे दोन नमुने देते. पहिला असा: ‘लतादीदींच्या दैवी स्वरांनी सजलेलं हे गीत ऐकताना मन हळवं होतं आणि आईच्या मायेची आठवण येते.’ यात चूक काही नाही, पण हे कोणीही कुठल्याही आईच्या गाण्याबद्दल लिहू शकतं. दुसरा: ‘मुलगी हॉस्टेलला गेल्यापासून मी हे गाणं संध्याकाळी कुकर लावताना ऐकायचं बंद केलंय, कारण दुसऱ्यांदा ‘जाहल्या’ येतं तेव्हा मी दाराकडे बघते.’ एवढंच. दैवी, हळवं, माया, एकही शब्द नाही आणि सगळं आलं. जागा कुठली ते आहे, अंगाने काय केलं ते आहे, आणि त्यामागे काय आहे तेही आहे.

आठवण किती घालायची

थोडी. गाण्याच्या निमित्ताने आजोबांचं संपूर्ण चरित्र लिहिणारे लोक आहेत, चौथ्या परिच्छेदात गाणं कुठलं होतं तेच विसरायला होतं. एक माणूस, एक ठिकाण, एक हालचाल, बास. आजोबा रेडिओचा कान पिळायचे एवढं सांगितलं की आम्हाला ते दिसतात, त्यांची नोकरी, बदल्या, निवृत्ती नको.

आणि गाण्याला तुमच्या आठवणीत कोंबू नका. परदेशातली आपली माणसं ‘जिवलगा, राहिले रे दूर घर माझे’ ऐकून हमखास रडतात, न्यू जर्सीत काय नि मेलबर्नला काय. शांताबाई शेळक्यांच्या शब्दांत पाय थकलेत, डोक्यावर ओझं आहे, गाव मागे पडलाय, वाट अंधारात बुडालीय. आता हे पुण्यातल्या फ्लॅटसाठी लिहिलेलं नाही हे उघड आहे, हा आयुष्याच्या शेवटच्या टप्प्याचा प्रवासही असू शकतो, आणि तसं वाचलं तर ‘घर’ मागे राहिलेलं नाहीच, ते पुढे आहे, अजून गाठायचंय. इथेच तुमचं लिहिणं रंगेल बघा. मी मागच्या घरासाठी रडतोय आणि गाणं पुढच्या घराबद्दल बोलतंय, मग मला नक्की कुठे पोचायचंय? हा प्रश्न ‘मिस यू इंडिया’पेक्षा कितीतरी जड आहे.

लहान असताना ऐकलेलं गाणं मोठेपणी उलटं होतं तेही पकडा. ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ शाळेत असताना ऐकलेली पोरं आता स्वतः ऑफिसातून उशिरा येतात. तेव्हा त्या झोपलेल्या मुलीच्या जागी होते, आता दाराशी बूट काढणाऱ्याच्या जागी आहेत. असं काही झालं असेल तर कुठल्या ओळीला बाजू बदलली ते लिहा.

फॉरवर्डपासून सांभाळा

व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येक भावगीताची एक ‘हृदयद्रावक सत्यकथा’ फिरत असते. सुरेश भटांच्या ‘तरुण आहे रात्र अजुनी’बद्दल ती गेलेल्या जवानाच्या बायकोची कथा तुम्हाला चार ग्रुपवर तरी आली असेल. अशा गोष्टींचं काय करायचं? गोष्ट बाजूला ठेवायची आणि शब्द समोर घ्यायचे, ती गोष्ट शब्दांत कुठे दिसते का बघायचं. दिसली तरी ती दुसऱ्याने दिलेली आहे हे विसरायचं नाही. ती वाचून तुम्ही रडलात तर तुम्ही गोष्टीला रडलात, गाण्याला नाही. त्याआधी तुम्हाला आशाबाईंच्या त्या आवाजात काय ऐकू येत होतं? ते लिहा, मग ते कितीही चावट का असेना.

लिहायला बसल्यावर

पहिला खर्डा एका बैठकीत, न थांबता, बोलता तसा. मग त्यातून हे शब्द काढून टाका: अप्रतिम, अविस्मरणीय, स्वर्गीय, दैवी, निःशब्द, अजरामर, काळजाला भिडणारं, अंगावर काटा. सगळे काढल्यावर काही उरलंच नाही तर समजा अजून जागा सापडलेली नाही, परत ऐका. उरलं असेल तर तेच तुमचं लिखाण. ‘अशी गाणी आता होत नाहीत’ हे वाक्य तर दिसेल तिथे खोडा. होतात हो. ‘रेडू’मधलं ‘देवाक काळजी रे’ ऐका, मालवणीत आहे, अजय गोगावलेचा आवाज आहे, आणि नंतर बोला.

वाचणाऱ्याला गाणं माहीत नसेल असं धरून चाला, पण अख्खं गाणं उतरवून देऊ नका, तुमच्या जागेची ओळ पुरते. दोनशे-तीनशे शब्द खूप झाले. गाणं आवडत नसेल आणि सगळ्या जगाला आवडत असेल तर त्यावरही लिहा, फक्त तिथेही जागा दाखवा, नेमकं कुठे तुमचं मन गाण्यातून उठून गेलं.

नावं तिन्ही द्या. आपण ‘लताचं गाणं’ म्हणतो आणि वसंत प्रभू, खळेकाका, यशवंत देव यांना गाळून टाकतो, गीतकाराची तर आठवणही नसते. अरुण दात्यांचं ‘या जन्मावर’ म्हणताना पाडगावकर आणि देव यांची नावं लिहायला पाच सेकंद लागतात.

लिंक टाकाल तेव्हा तुमची जागा कुठल्या मिनिटाला कुठल्या सेकंदाला येते ते शेजारी लिहा, नाहीतर लोक लिंक उघडतात, पहिली जाहिरात बघतात आणि बंद करून खाली ‘अप्रतिम’ लिहून जातात.